सोमा की स्टिल वेक्स द डीप? स्टोरीवाला हॉरर गेम निवडताना

हातात बंदूक नको, लेव्हल-बिव्हल वाढवायची भानगड नको, फर्स्ट पर्सनमध्ये, म्हणजे पात्राच्या डोळ्यांनी बघत, एखाद्या जागेत शिरायचं, तिथे काय झालंय ते हळूहळू कळत जायचं आणि वाटेत जीव मुठीत धरून पळायचं, असा गेम हवा असेल तर दोन नावं हमखास समोर येतात, सोमा आणि स्टिल वेक्स द डीप. दोन्ही समुद्रातले, दोन्हीत लढायला काहीच नाही, दोन्हीत स्टोरी हाच जीव. म्हणून लोक म्हणतात कुठलाही घे, सारखेच आहेत. मला हे अजिबात पटत नाही. एक गेम तुमच्या डोक्यात भुंगा सोडतो, दुसरा सरळ काळजाला हात घालतो, आणि तुम्हाला यातलं काय हवंय ते आधी ठरवलं नाही तर दोन्हीपैकी कुठल्याही गेमवर उगाच नाराज व्हाल.

आधी थोडी ओळख. सोमा स्वीडनच्या फ्रिक्शनल गेम्सचा, सप्टेंबर २०१५ मध्ये आला, ॲम्नेशिया द डार्क डिसेंट हा हॉरर गेम करणारी हीच मंडळी. स्टिल वेक्स द डीप इंग्लंडमधल्या ब्रायटनच्या द चायनीज रूमचा, जून २०२४ चा. गंमत म्हणजे ॲम्नेशियाचा २०१३ चा पुढचा भाग, अ मशीन फॉर पिग्स, याच द चायनीज रूमने बनवला होता आणि फ्रिक्शनलने तो पब्लिश केला होता. म्हणजे घराणं तसं एकच आहे आणि लपा-पळा-मारू नका हा साचा दोघांकडे आहे, पण त्या साच्यात भरलेला माल पूर्ण वेगळा.

सोमामध्ये तुम्ही सायमन जॅरेट. २०१५ मधल्या टोरांटोत राहणारा साधा तरुण, कार ॲक्सिडेंटमध्ये मेंदूला मार बसलेला, उपचारासाठी ब्रेन स्कॅन करून घ्यायला एका खुर्चीत बसतो आणि डोळे उघडतो ते थेट अटलांटिकच्या तळाशी पॅथोस टू नावाच्या पडीक स्टेशनमध्ये. साल २१०४. वर पृथ्वीवर धूमकेतू आदळून सगळं संपलेलं आणि खाली स्टेशन सांभाळणारा वाऊ नावाचा एआय माणसं जिवंत ठेवायची म्हणून जे काही करत सुटलाय ते बघवत नाही. यापुढे मी स्टोरी सांगणार नाही आणि तुम्हीही शोधत बसू नका, कारण या गेमचा निम्मा दम तुम्हाला काही माहीत नसण्यात आहे.

फक्त एक प्रसंग सांगतो, तो अगदी सुरुवातीचाच आहे. अप्सिलॉन नावाच्या भागात एक मोडकातोडका रोबोट पडलेला असतो आणि तो माणसासारखा बोलतो. माणसासारखा म्हणजे काय, तो माणूसच आहे अशी त्याची शंभर टक्के खात्री असते, नाव कार्ल, जखमी आहे, मदत हवीय. तुम्ही समोर उभे आणि तुम्हाला दिसतंय की तिथे फक्त पत्रा आणि वायरी आहेत. त्याला समजावता येत नाही. आणि पुढे जायला वीज वळवायची असते, तिचा परिणाम होतो तो त्याच्यावर. तुम्ही स्विच दाबता, ओरडणं ऐकू येतं आणि गेम एक शब्दही बोलत नाही, ना कुठला मार्क दाखवतो, ना बरोबर-चूक सांगतो. माझ्या मते हॉरर गेममध्ये यापेक्षा नेमका प्रसंग फार कमी ठिकाणी सापडेल, कारण इथे घाबरवणारा राक्षस कुठेच नाही, घाबरवतो तो तुमचा स्वतःचा निर्णय. असे निर्णय पुढे आणखी येतात आणि त्यातल्या कशानेही शेवट बदलत नाही. काहींना ही कमतरता वाटते, की मग निवड देता कशाला? मला उलट हेच आवडतं. बक्षीस नाही, शिक्षा नाही, म्हणून तुम्ही काय केलं ते फक्त तुमच्यापाशी राहतं.

स्टोरी सांगायची पद्धतही मस्त आहे. मेलेल्या कर्मचाऱ्यांच्या डोक्यात रेकॉर्डर बसवलेले असतात, हात लावला की त्यांचे शेवटचे क्षण ऐकू येतात, अर्धवट वाक्य, धापा, मग शांतता. ड्रॉवर उघडायचा तर माऊस धरून खरोखर ओढायचा, दार ढकलायचं, वस्तू उचलून फिरवून बघायच्या, त्यामुळे आपण तिथे आहोत असं हाताला जाणवतं. कॅथरीन म्हणून एक पात्र सोबत असतं आणि तिचं-सायमनचं बोलणं, भांडणं, एकमेकांना न समजणं हाच या गेमचा कणा आहे. सायमन कधीकधी मठ्ठ वाटतो, साधी गोष्ट दोनदा सांगितली तरी डोक्यात शिरत नाही, यावरून त्याला बरेच लोक शिव्या घालतात. पण त्याची अवस्था बघा ना राव, असं काही आपल्याबाबत खरं निघालं तर कोण पटकन मान्य करेल?

आता सोमाची दुखरी नस म्हणजे मॉन्स्टर. प्रत्येकाचा नियम वेगळा, एकाकडे बघायचं नाही, एकाला दिसत नाही पण आवाज ऐकू येतो, आणि हे गेम नीट सांगत नाही, मार खाऊन शिकायचं. जवळ आले की स्क्रीन फाटल्यासारखी होते, रंग तुटतात, पहिल्यांदा भारी वाटतं आणि नंतर नंतर डोळ्यांना त्रास. सगळ्यात वाईट म्हणजे त्यांची वेळ. तुम्ही एखाद्या टर्मिनलवर कुणाचं तरी पत्र वाचताय, त्यात इतकं काही सांगितलंय की थांबून विचार करावासा वाटतोय आणि तेवढ्यात मागून घुरघुर सुरू. भीती वाढत नाही, चिडचिड वाढते. सेव्हही तुमच्या हातात नाही, गेम स्वतःच्या हिशोबाने ऑटोसेव्ह करतो.

पण यावर उपाय आला आणि तो फार चांगला आला. २०१७ च्या शेवटी एक्सबॉक्स व्हर्जनसोबत सेफ मोड दिला गेला, त्यात मॉन्स्टर असतात, फिरतात, जवळही येतात, पण तुम्हाला मारत नाहीत. याला भित्र्यांचा मोड वगैरे म्हणून नाकं मुरडणारे खूप आहेत, त्यांचं ऐकू नका. वातावरण तेवढंच भयाण राहतं, काळोख तोच, आवाज तेच, फक्त तोच तोच कॉरिडॉर पुन्हा पुन्हा पळण्यात वेळ जात नाही आणि गोष्ट सलग डोक्यात राहते. स्टोरीसाठी सोमा घेणाऱ्या कुणालाही मी सरळ सेफ मोडच सांगेन.

स्टिल वेक्स द डीपचं सगळं उलट आहे. डिसेंबर १९७५, स्कॉटलंडजवळच्या नॉर्थ सीमधली बेरा डी नावाची ऑइल रिग, म्हणजे समुद्रातून तेल काढायचा प्लॅटफॉर्म, ख्रिसमस तोंडावर आलेला. तुम्ही कॅझ मॅक्लिअरी, ग्लासगोचा इलेक्ट्रिशियन, मारामारीच्या प्रकरणात पोलिसांपासून पळून रिगवर आलेला, मागे बायको सूझ आणि दोन मुली. गेम उघडतो ते सूझच्या पत्राने, मग कँटीनमधून जायचं, लोक चेष्टा करतात, कोणी युनियनचं बोलतो, कोणी पगाराचं रडगाणं गातो, आणि बॉस रेनिक ऑफिसात बोलावून नोकरीवरून काढून टाकतो. तुम्ही हेलिकॉप्टरकडे निघता आणि तेवढ्यात खाली ड्रिलला काहीतरी लागतं. ते काय हे गेम कधीच धड सांगत नाही आणि ते बरंच केलंय.

इथली भीती माणसांमधून येते. सकाळी ज्यांच्याशी दोन शब्द बोललात तेच थोड्या वेळाने कुठल्या तरी फटीतून, पाइपमधून, छताला चिकटून तुम्हाला हाका मारत असतात, आवाज त्यांचाच, रागही त्यांचाच जुना, फक्त शरीर ओळखू येत नाही. लॉकरमध्ये दबून बसलोय आणि बाहेर तो ओळखीचा आवाज रडतोय, धमकावतोय, हे ऐकताना मला घाबरण्यापेक्षा वाईट जास्त वाटलं. मित्र रॉय, किचनमधला आचारी, त्याला डायबिटीस आहे आणि इन्सुलिन पाहिजे, एवढ्या साध्या कारणासाठी तुम्ही मोडत चाललेली रिग ओलांडता, जग वाचवायला नाही. मला हे फार जवळचं वाटलं. आणि अभिनय! कॅझचा आवाज ॲलेक न्यूमनचा, त्याची सहकारी फिनले हिचा कॅरन डनबारचा, दोघांनाही २०२५ च्या बाफ्टा गेम्स अवॉर्ड्समध्ये, म्हणजे ब्रिटनच्या मानाच्या गेम पुरस्कारांत, परफॉर्मन्सची बक्षिसं मिळाली, नवीन आयपीचं, म्हणजे कुठल्याही जुन्या मालिकेतला नसलेल्या नव्या गेमचं, बक्षीसही याच गेमला. ऐकलंत की कळेल का मिळाली, भीतीने माणूस धापा टाकत स्वतःशीच पुटपुटतो ना, तसं कॅझ सतत बोलत असतो आणि ते कुठेही खोटं वाटत नाही. फक्त बोली ठेट स्कॉटिश आहे आणि शिव्यांचा पाऊस आहे, तेव्हा सबटायटल चालूच ठेवा, नाहीतर अर्धं डोक्यावरून जाईल, आणि मुलं आसपास असतील तर हेडफोन.

दिसायलाही काय दिसतो. अनरियल इंजिन ५ या गेम बनवायच्या सॉफ्टवेअरवर आहे, ओलं लोखंड, खालून उसळणारं काळं पाणी, वाऱ्यात हलणारा जिना, आणि त्या रिगचा कण्हल्यासारखा आवाज तर संपूर्ण गेमभर पाठ सोडत नाही. उंचीची भीती असेल तर मॉन्स्टरच्या आधी ती कठड्यावरची उडीच घाम फोडेल.

पण खेळायला म्हणून बघाल तर इथे हात आखडता घेतलाय आणि हे आधीच माहीत असलेलं बरं. वाट एकच. इकडे जा, तो व्हॉल्व्ह फिरव, पंप चालू कर, आता आलास तिथूनच परत जा, मधे एक-दोनदा डक्टमध्ये सरपटून मॉन्स्टरला चुकव, शिडीवरून पाय घसरला की सांगितलेलं बटण दाब. कोडी म्हणावीत अशी कोडी नाहीतच. लपण्याच्या जागा इतक्या सोयीच्या असतात की दोन-तीन वेळा सुटलात की मॉन्स्टर कुठून कुठे फिरणार ते कळतं आणि भीती पातळ होते. कुठे चढायचं ते दाखवायला जिथे तिथे पिवळा रंग फासलेला, त्यावरून खूप ओरड झाली आणि नंतरच्या अपडेटमध्ये तो बंद करायचा ऑप्शन आला, बंद केलात तर रिग जास्त खरी वाटते पण अंधारात वाट चुकायची तयारी ठेवा. पळापळीचे सीन मात्र ठरवून दिल्यासारखे, तुम्ही पळता कमी आणि पळवले जाता जास्त.

वेळेचं गणितही वेगळं आहे. स्टिल वेक्स साधारण पाच-सहा तासांत संपतो, दोन बैठकांत आरामात, आणि तो तसाच सलग खेळावा कारण गोष्टही जवळपास एका दिवसातलीच आहे. सोमाला त्याच्या जवळपास दुप्पट वेळ धरा आणि मध्ये समुद्रतळावरून चालायचे लांबलचक पट्टे आहेत, जिथे फक्त दिव्यांचा माग धरून पुढे जायचं असतं आणि काहीच घडत नाही, काहींना तिथे झोप येते, मला तिथेच सगळ्यात एकटं वाटलं. मशीनचं म्हणाल तर सोमा जुन्या पीसीवरही चालून जातो, स्टिल वेक्सला बरं ग्राफिक्स कार्ड पाहिजे आणि कन्सोलवर तो पीएस ५ आणि एक्सबॉक्स सिरीजवरच आला, पीएस ४ वाल्यांसाठी प्रश्नच मिटला. दोन्हीत कॅमेरा हलतो आणि स्क्रीन विस्कटते, तेव्हा ज्यांना फर्स्ट पर्सनमध्ये गरगरतं त्यांनी सेटिंगमध्ये हेड बॉब (चालताना कॅमेरा वर-खाली हलणं) आणि ब्लर वगैरे बंद करता येतं का ते आधी बघावं.

मग घ्यायचा कुठला? तुम्हाला गेम संपल्यावरही मी म्हणजे नक्की कोण, माझी कॉपी म्हणजे मीच का, असल्या प्रश्नांशी झटापट करायला आवडत असेल तर सोमाच, आणि माझं झुकतं माप उघडउघड त्यालाच आहे, कारण त्याची भीती ही फक्त गेममध्येच सांगता येईल अशी आहे, तो निर्णय तुमच्या बोटाने व्हावा लागतो. स्टिल वेक्सची गोष्ट तितकी नवी नाही, शेवट कुठे जाणार याचा अंदाज मध्यातच येतो, पण माणसं इतकी जिवंत आहेत की अंदाज येऊनही गळा दाटतो. हॉररला घाबरणारा पण चांगल्या गोष्टीचा भुकेला कोणी असेल, किंवा ज्याने असा गेम आधी कधी खेळलाच नाही, त्याला मी आधी स्टिल वेक्सच देईन, वाट सरळ आहे, अडकून पडायला होत नाही. फक्त एक सांभाळा, सध्या मन ठीक नसेल, घरात कुणी गेलं असेल वगैरे, तर सोमा जरा पुढे ढकला. त्यात जगणं-मरणं फार कोरडेपणाने तपासलंय आणि धीर देणारं कोणी नाही.

आणि जर तुम्हाला मुळात पाठलागाचाच थरार हवा असेल, मॉन्स्टर हुशार हवा, लपून श्वास रोखायचा आणि सेव्ह पॉइंटपर्यंत पोचलो तरच वाचलो असं काही, तर हे दोन्ही सोडा आणि २०१४ चा एलियन आयसोलेशन बघा, तो लांब आहे, मधे ताणलेला वाटतो, पण त्यातलं जनावर खरंच तुम्हाला शोधतं.

स्टिल वेक्स आवडला तर त्याचं सायरन्स रेस्ट हे डीएलसी, म्हणजे वेगळा जोडायचा पुढचा भाग, जून २०२५ मध्ये आलंय, १९८६ मध्ये एक डायव्हर त्या बुडालेल्या रिगवर उतरते असं आहे. ते मूळ गेम संपवल्याशिवाय उघडू नका, कारण तिथे सापडणारी प्रत्येक वस्तू कुणाची तरी आहे आणि ती कुणाची हे तुम्हाला माहीत असायला हवं.