कॉन्सुलेटमधल्या लोकल स्टाफचं ट्रेनिंग : पाचपैकी तीन तारे

मुंबईतल्या एका युरोपीय देशाच्या कॉन्सुलेटमध्ये मी बरीच वर्षं व्हिसा सेक्शनला आहे. देश कुठला ते सांगणार नाही, नोकरी टिकवायची आहे. शेंगेनमधला, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटातला आहे, एवढं पुरे. "तुमच्याकडे जागा निघाली की कळव हं" असं सांगून ठेवणारे नातेवाईक आणि डोंबिवली लोकलमधल्या मैत्रिणी भरपूर आहेत. त्यांचा पहिला प्रश्न पगाराचा आणि दुसरा "तिकडे पाठवतात का गं?" ट्रेनिंगबद्दल कुणी विचारत नाही. वास्तविक विचारायला हवं ते त्याबद्दलच. या नोकरीत बढती जवळपास नसते, वरची खुर्ची कायम तिकडून बदलून आलेल्या साहेबांची. जे काही शिकायला मिळतं तेच आपल्या गाठीला राहतं. म्हणून हा रिव्ह्यू.

आधी कागदावर काय आहे ते बघू. शेंगेन देशांचा व्हिसा कोड, म्हणजे व्हिसाची सामाईक नियमावली, २००९ सालचा, लागू झाला एप्रिल २०१० मध्ये. त्यात स्वच्छ म्हटलंय की तिकडून पाठवलेल्या आणि इथे नेमलेल्या, अशा दोन्ही प्रकारच्या कर्मचाऱ्यांना पुरेसं प्रशिक्षण द्यायचं आणि कायद्याची पूर्ण, अचूक, ताजी माहिती पुरवायची. अर्जदाराशी सौजन्याने वागायचं, त्याच्या माणूसपणाचा मान ठेवायचा, हेही त्यातच आहे. म्हणजे आमचं ट्रेनिंग ही कुणा साहेबांची मेहेरबानी नसून कायद्याने आलेली गोष्ट आहे. फक्त 'पुरेसं' म्हणजे किती, हे ज्याचं त्याचं सरकार आपला खिसा बघून ठरवतं.

सुरुवात होते शेजारच्या खुर्चीत बसून बघण्यापासून. माझ्या शेजारच्या मॅडमनी माझ्याआधीही कित्येक मुली तयार केल्या होत्या. त्याबद्दल त्यांना वेगळा एक रुपयाही मिळत नव्हता आणि त्यांची तक्रारही नव्हती. फाइल कशी उघडायची, काय आधी बघायचं, ते त्यांनी हाताला धरून शिकवलं. विमा तीस हजार युरोंचा आहे ना, तारखा प्रवासाच्या तारखांना पुरतात ना, हे एका नजरेत. बँक स्टेटमेंट शेवटच्या पानावरून उलटं वाचायचं. अर्जाच्या आठवडाभर आधी खात्यात अचानक मोठी रक्कम येऊन पडली असेल तर पेन्सिलने खूण करायची. हा भाग मला आजही सगळ्यात मोलाचा वाटतो, आणि गंमत म्हणजे ट्रेनिंगच्या रेकॉर्डमध्ये तो कुठेच नाही.

रेकॉर्डमध्ये असतात ती ऑनलाइन मॉड्यूल्स. सायबर सुरक्षा, डेटा प्रोटेक्शन, आग लागली तर काय, लाच आणि भेटवस्तू. २०१८ मध्ये युरोपचा नवा डेटा कायदा आला तेव्हापासून त्यांत भर पडत गेली. बहुतेकांच्या स्लाइड तिकडच्या भाषेत, खाली घाईत केलेलं इंग्रजी. क्लिक करत जा, शेवटी दहा प्रश्न, सर्टिफिकेट प्रिंट करा. लाचेच्या मॉड्यूलमध्ये एक कंत्राटदार अधिकाऱ्याला शॅम्पेनची बाटली आणि गोल्फ क्लबची मेंबरशिप देऊ करतो. आमच्याकडे दिवाळीच्या आदल्या आठवड्यात ट्रॅव्हल एजंटचा पोऱ्या काजूकतलीचे डबे घेऊन गेटवर उभा असतो, त्याचं काय करायचं ते मॉड्यूलमध्ये नाही. शेवटी आमच्या अकाउंट्समधल्या सावंतकाकांनीच नियम घालून दिला: डबा रिसेप्शनच्या पुढे येणार नाही, आणि परत पाठवताना शुभेच्छा मात्र तोंड भरून द्यायच्या. मॉड्यूल्सना दीड तारा.

कागदपत्रांच्या ट्रेनिंगला मात्र पाचपैकी पाच. काही देशांचे डॉक्युमेंट अ‍ॅडव्हायझर असतात, म्हणजे बनावट कागद ओळखण्यात हयात घालवलेले पोलीस किंवा सीमा दलातले लोक. आमच्याकडे आलेले गृहस्थ भिंग, अतिनील दिवा आणि रद्द झालेल्या पासपोर्टांची पिशवी घेऊन आले आणि दिवसभर एकही स्लाइड न दाखवता शिकवलं. सुरक्षित कागद अतिनील दिव्याखाली मंद राहतो, साधा कागद पांढराफटक चमकतो. फोटोच्या कडेवरून बोट फिरवायचं. मग पासपोर्टच्या तळाशी असतात त्या बाणांनी भरलेल्या दोन ओळी. त्यांतला प्रत्येक तपासणी-अंक, म्हणजे आधीचे आकडे बरोबर आहेत का ते सांगणारा अंक, आपल्याला हातानेही काढता येतो, हे मला तोवर ठाऊक नव्हतं. समजा जन्मतारीख १५ ऑगस्ट १९४७. ओळीत ती ४७०८१५ अशी येते. आकड्यांना क्रमाने ७, ३, १, पुन्हा ७, ३, १ ने गुणायचं: २८, २१, ०, ५६, ३, ५. बेरीज ११३. दहाने भागून बाकी ३. जन्मतारखेनंतरचा अंक ३ नसेल तर कुणीतरी त्या ओळीत हात घातलाय. मशीन हे क्षणात करतं, कबूल. पण स्वतः गणित केल्यापासून मी ती ओळ नुसती बघत नाही, वाचते.

ताज्या माहितीच्या बाबतीत मार्क कापते. नोव्हेंबर २०१५ मध्ये भारतातल्या अर्जदारांच्या बोटांचे ठसे घेणं सुरू झालं, तेव्हा तयारी उत्तम होती. आधीपासून सराव, शंकांचं लेखी उत्तर, बारा वर्षांखालच्या मुलांना सूट हे काउंटरच्या पोरापर्यंत पोचलेलं. उलट एप्रिल २०२४ मध्ये भारतीयांसाठी नवी सवलत आली: तीन वर्षांत दोन व्हिसे नीट वापरले असतील तर पुढचा दोन वर्षांचा, त्यानंतर पाच वर्षांचा, पासपोर्टची मुदत तेवढी असेल तर. ही बातमी पेपरात आली, एजंटांचे फोन सुरू झाले आणि आम्हाला अंतर्गत परिपत्रकाची वाट बघत "तपासून सांगतो" म्हणत बसावं लागलं. जूनमध्ये फी ८० वरून ९० युरो झाली तेव्हाही तीच तऱ्हा.

आता 'तिकडे पाठवतात का' याचं उत्तर. पाठवतात, पण नोकरी पक्की झाल्यावर, साहेबांनी शिफारस केली तर, आणि बहुतेक वेळा व्हिसा सेक्शनलाच. ड्रायव्हर, रिसेप्शन, अकाउंट्स यांचा नंबर लागलेला मी पाहिला नाही. राजधानीत एक आठवडा, वर्ग, साधं हॉटेल, रोजचा भत्ता. (जाण्यासाठी आम्हालाही व्हिसा लागतोच. आपलीच फाइल शेजारणीच्या टेबलावर पडलेली बघताना पोटात गोळा येतो, विमा काढलेला असला तरी.) वर्गात शिकवलेलं निम्मं आधीच माहीत असतं. खरा फायदा बाकावर शेजारी बसणाऱ्यांचा. नैरोबी, हनोई, अंकारा, सगळीकडची आमच्यासारखी लोकल मंडळी. अंकाराच्या बाईंनी जेवणाच्या सुट्टीत मोबाइलवर त्यांच्याकडचा जमिनीचा कागद दाखवला, त्याला ते 'तापू' म्हणतात. मी सातबारा दाखवला. अर्ध्या तासात आम्ही दोघी जे बोललो ते त्या आठवड्याच्या छापील कार्यक्रमात कुठेच बसलं नसतं.

सातबाऱ्यापाशीच माझी मुख्य तक्रार आहे. निफाडचा द्राक्षबागायतदार अभ्यासदौऱ्यासाठी अर्ज करतो. त्याचा माल नेदरलँड्सला जातो, त्याला तिथलं मार्केट बघायचंय. शेतीचं उत्पन्न आयकरमुक्त, त्यामुळे रिटर्नमध्ये उत्पन्न नावापुरतं. वर्षभर खात्यात खडखडाट, आणि हंगाम संपला की एकदम मोठी रक्कम. मॅडमनी शिकवलेली पेन्सिलची खूण इथे घातली की माणूस संशयित ठरतो. त्याची खरी ऐपत सातबाऱ्यावर आणि आठ-अ वर लिहिलेली असते: क्षेत्र किती, पीक कुठलं, बोजा कुठल्या बँकेचा. तो कागद मराठीत. सोबत भाषांतर जोडलेलं असतं, पण भाषांतर वाचूनही नव्या साहेबांना बोजा म्हणजे भानगड वाटते. पीककर्ज बहुतेकांवर असतंच, हे कुणीतरी सांगावं लागतं.

किंवा नावांचं घ्या. माहेरची स्मिता लग्नानंतर संजीवनी होते, मधलं नाव वडिलांचं जाऊन नवऱ्याचं येतं, आडनाव बदलतं. पासपोर्टवर एक बाई, दहावीच्या सर्टिफिकेटवर दुसरी, लग्नाच्या दाखल्यावर दोघी. राजपत्रात नाव बदलल्याची जाहिरात असली तर ठीक. नसली तर फाइलवर पिवळी चिठ्ठी येते, 'या दोन वेगळ्या व्यक्ती आहेत का?' मग मी उठून केबिनमध्ये जाते आणि महाराष्ट्रातल्या लग्नाची रीत समजावून सांगते. साहेब हुशार असतात, सहा महिन्यांत पटाईत होतात. तीन-चार वर्षांत त्यांची बदली होते. नवे येतात. सातबारा पुन्हा पहिल्यापासून.

हे मी हौसेने करते, तक्रार शिकवण्याबद्दल नाही. तक्रार अशी की ट्रेनिंगच्या सगळ्या धोरणात लोकल स्टाफ हा फक्त शिकणारा आहे. कोर्स किती केले, तास किती भरले, याला रकाने आहेत. शिकवलं किती, याला रकाना नाही. मी चित्रं काढून, बाण दाखवून 'सातबारा कसा वाचावा' अशी चार पानं केली, ती कॉम्प्युटरवरच्या सामाईक फोल्डरमध्ये आहेत. वार्षिक मूल्यमापनात मात्र लिहून येतं: अग्निसुरक्षा मॉड्यूल पूर्ण.

दुसरी उणीव जास्त गंभीर. मुंबईच्या बऱ्याच कॉन्सुलेटांच्या हद्दीत गोवा येतो. सीझनमध्ये तिकडचा एखादा पर्यटक गोव्यात दगावतो. फोन ड्युटीवरच्या साहेबांना येतो आणि पाच मिनिटांत आमच्यापैकी कुणाकडे तरी येतो, कारण पोलीस स्टेशनशी हिंदी-मराठीत बोलायचं असतं. पंचनामा, शवविच्छेदन, बांबोळीच्या गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) देह ठेवलेला, मृत्यूचा दाखला, पोलिसांचं ना हरकत पत्र, एम्बामिंगचा (देह टिकवण्याची प्रक्रिया केल्याचा) दाखला, शवपेटीचा दाखला, एअरलाइनच्या कार्गोचं बुकिंग. या सगळ्याची यादी आहे आमच्याकडे, दोन पानी पीडीएफ, बरी आहे. पण त्याच दिवशी मृताच्या आईचा फोन येतो आणि ती विचारते, तो एकटा होता का? कागदांची यादी हातात असते, यावर काय बोलायचं याचं ट्रेनिंग नाही. तिकडून येणाऱ्या अधिकाऱ्यांना यासाठी रोल-प्ले करून घेतात, असं आमच्या एका व्हाइस कॉन्सुलनीच सांगितलं. इथे फोन उचलते ती रिसेप्शनवरची मुलगी. व्हिसा नाकारलेल्या माणसाची आरडाओरडही तीच ऐकते.

इतर काय करतात? ब्रिटिशांनी फेब्रुवारी २०१५ मध्ये लंडनला डिप्लोमॅटिक अकादमी काढली. पायाभूत, मग प्रत्यक्ष काम करणाऱ्यांसाठी, मग तज्ज्ञांसाठी अशा तीन पायऱ्या, आणि जगभरातल्या स्थानिक कर्मचाऱ्यांनाही दार उघडं. अमेरिकेची फॉरेन सर्व्हिस इन्स्टिट्यूट १९४७ पासूनची, व्हर्जिनियातल्या आर्लिंग्टनला, तिथेही स्थानिक लोकांसाठी कोर्स असतात. पायऱ्या असल्या की निदान सांगता तरी येतं, मी अमुक पायरीवर आहे. आमच्याकडे सर्टिफिकेटांचा नुसता गठ्ठा.

व्हिसा सेंटरच्या मुलामुलींनी हा रिव्ह्यू स्वतःला लावू नये. ते खासगी कंपनीचे नोकर. फॉर्म आणि ठसे घेणं त्यांचं, अर्जाची तपासणी आणि निर्णय कॉन्सुलेटचा. त्यांनाही ट्रेनिंग द्यायची अट नियमात आहे, पण ते कसं असतं ते त्यांच्यापैकी कुणीतरी लिहावं.

तर तीन तारे. दोन तारे कागदपत्रांच्या ट्रेनिंगचे आणि राजधानीतल्या बाकावरच्या मैत्रिणींचे, एक मॅडमचा. मुलाखतीला जाणार असाल तर दोन गोष्टी नेमणुकीच्या पत्रातच लिहून मागा: वर्षाला ट्रेनिंगचे किती दिवस कामाच्या वेळेत धरले जातील, आणि मुख्यालयाच्या कोर्ससाठी किती वर्षांनी पात्र ठरता. तोंडी आश्वासन देणारे साहेब तीन वर्षांनी दुसऱ्या खंडात असतात. आणि तिकडची भाषा शिकायचा क्लास लावलात तर फीची पावती जपून ठेवा. आमच्याकडे पैसे परीक्षा पास झाल्यावर परत मिळतात, ते पण मूळ पावती दिली तरच. सावंतकाका झेरॉक्स घेत नाहीत.