ग्रेट सर्कल मॅपर: अंतर चोख, दिवसाचा हिशेब मात्र आपणच करायचा

नाशिकमध्ये बसून युरोपची सहल स्वतः आखणाऱ्यांनी ही फुकट साइट हाताशी ठेवावीच. दोन विमानतळांचे तीन अक्षरी कोड मध्ये आडवी रेघ देऊन टाकायचे. एफसीओ-सीडीजी टाकलं की रोमचं फ्युमिचिनो ते पॅरिसचं शार्ल द गॉल हे अंतर नकाशासकट येतं, साधारण १,१०० किलोमीटर. आधी आकडा मैलांत दिसतो, ६८४ च्या आसपास. तो किलोमीटर समजून बसू नका, एकक बदलून घ्या.

आकडा बरोबर असतो, पण तो आकाशातल्या सर्वांत जवळच्या वाटेचा. १,१०० ला ताशी ८०० ने भागलं तर सव्वा-दीड तास येतो आणि तिकिटावर दोन तासांहून थोडं जास्तच लिहिलेलं असतं. त्यात फसवणूक काही नाही. धावपट्टीपर्यंत रांगत जाणं, चढणं, उतरणं, उतरल्यावर गेटपर्यंत पोचणं हे सगळं त्या वेळेत धरलेलं असतं. म्हणून भागाकारात ४० मिनिटं मिळवा. लंडन-पॅरिस जेमतेम ३५० किलोमीटर, तरी सव्वा तास धरावा लागतो, कारण विमान पूर्ण वेग घेतं न घेतं तोच उतरायला लागतं. शिवाय लंडनचं घड्याळ पॅरिसच्या एक तास मागे. तिकिटावरच्या वेळा त्या त्या गावच्या असतात, त्यामुळे जाताना प्रवास तासाभराने मोठा दिसतो आणि येताना तेवढाच लहान.

कोड नीट बघा. स्वस्त तिकिटावर 'पॅरिस' असतं आणि कोड बीव्हीए, म्हणजे बोवे. ते पॅरिसपासून ८० किलोमीटरच्या पुढे, बसने सव्वा तास. शिर्डीच्या विमानतळावर उतरवून 'नाशिक आलं' म्हणण्यासारखंच.

आता रोम-पॅरिस दारापासून दारापर्यंत मांडा. तेर्मिनी स्टेशन ते फ्युमिचिनो थेट रेल्वेने ३२ मिनिटं, विमानतळावर दोन तास आधी, उड्डाण दोन तास, सामानाला पाऊण तास, पुढे शहरात लोकलने अर्धा-पाऊण तास. झाले सहा तास! त्या दिवशी आयफेल टॉवरची वेळ ठरवून ठेवू नका. लंडन-पॅरिसला तर युरोस्टार ही थेट रेल्वेच घ्यावी, सुमारे सव्वादोन तासांत शहराच्या मध्यातून मध्यात. फक्त ब्रिटनचा व्हिसा शेंगेनपेक्षा (फ्रान्स, इटली वगैरे देशांच्या सामाईक व्हिसापेक्षा) वेगळा असतो आणि लंडनला जाताना त्याची तपासणी पॅरिसलाच गाडीत चढण्याआधी होते, म्हणून किमान तासभर आधी पोचा.

परतीला रोम-पॅरिस आणि पॅरिस-मुंबई वेगवेगळ्या तिकिटांवर काढली असतील, तर पहिल्याला उशीर झाल्यास दुसरी कंपनी थांबत नाही, आणि सामानही सहसा काढून पुन्हा द्यावं लागतं. अशा वेळी पॅरिसला आदल्या संध्याकाळीच पोचा. मुंबईत उतरल्यावर कसाऱ्याचा घाट चढायचा बाकी असतोच.