48 आकड्यांच्या चावीसाठी गेलेले 61,347 रुपये

आधी हिशेब, म्हणजे कुणी खोदून विचारायला नको. क्यूआर स्कॅन करून ₹1,499. मग डेबिट कार्डावरून ₹24,999, लगेच परत ₹24,999 आणि वर ₹9,850. झाले ₹61,347. ज्या चावीसाठी हे गेले, ती चावी भाच्याच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये फुकट पडून होती.

लॅपटॉप चालू केला तर निळा पडदा: बिटलॉकर रिकव्हरी की टाका. बिटलॉकर म्हणजे विंडोजचं डिस्कला लागणारं कुलूप. लॅपटॉपबरोबर आलेल्या अपडेट अ‍ॅपने आदल्या रात्री बायोस (विंडोजच्या आधी चालू होणारं मशीनचं सॉफ्टवेअर) अपडेट केलं होतं. बायोस बदललं की आतल्या टीपीएम चिपला मशीन ओळखीचं वाटत नाही, ती डिस्कची चावी सोडत नाही, आणि मग 48 आकडी रिकव्हरी की मागितली जाते. बायोसमधलं सेटिंग बदललं किंवा मदरबोर्ड बदलला तरी हेच होतं. विंडोज 11 च्या बऱ्याच नव्या लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्ट अकाउंटने पहिल्यांदा साइन-इन केलं की हे कुलूप आपोआप लागतं. होम एडिशनवरसुद्धा, तिथे त्याचं नाव ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’. आपण कुलूप लावलंय हेच मुळात आपल्याला माहीत नसतं.

त्यात तारीख 19. दुसऱ्या दिवशी जीएसटीआर-3बी, म्हणजे जीएसटीचा रिटर्न भरायचा, आणि टॅलीचा, म्हणजे हिशेबाचा, सगळा डेटा त्याच लॅपटॉपवर. घाबरायला कारण होतं, असं मी अजूनही म्हणतो. पण उशीर झाला असता तर दंड दिवसाला ₹50 आणि वर व्याज. पन्नास रुपयांची घाई मला 61 हजारांना पडली, हे रोज एकदा तरी आठवतं.

सर्चमध्ये ‘बिटलॉकर की हेल्पलाइन’ टाकलं. सगळ्यात वर जाहिरात, जाहिरातीतच नंबर. पुढे काय झालं असेल ते तुम्ही ओळखलंच असणार. गोड बोलणारा इंजिनीअर, तिकीट नंबर, ‘सर, लाइनवर राहा’. ₹1,499 भरल्यावर व्हॉट्सअ‍ॅपवर ‘की’ आली.

इथेच कळायला हवं होतं. ती की 25 अक्षरांची होती, त्यात इंग्रजी अक्षरं होती, पाच-पाचच्या पाच गटांत. हा तर विंडोजच्या प्रॉडक्ट कीचा साचा! रिकव्हरी कीमध्ये फक्त आकडे असतात, सहा-सहाचे आठ गट, आणि प्रत्येक गटाला 11 ने पूर्ण भाग जातो. म्हणून तर एक आकडा चुकला तरी विंडोजला कळतं. त्या निळ्या पडद्यावर अक्षरं उमटतच नाहीत. मी चार वेळा दाबून पाहिली आणि कीबोर्ड बिघडलाय म्हणालो.

दुसरी गोष्ट त्याहून लाजिरवाणी. निळ्या पडद्यावर ‘रिकव्हरी की आयडी’ लिहिलेला असतो. एका अकाउंटमध्ये पाच लॅपटॉपच्या चाव्या असू शकतात, त्यातली आपली कोणती हे त्या आयडीच्या पहिल्या आठ अक्षरांवरून जुळवतात. चावी शोधणारा माणूस पहिला प्रश्न हाच विचारील. याने तो शेवटपर्यंत विचारला नाही. त्याने सांगितलं काय, तर मोबाइलवर स्क्रीन शेअरचं अ‍ॅप घ्या. कुलूप लॅपटॉपला आणि अ‍ॅप मोबाइलवर! पण तो म्हणाला, सर्व्हरवर व्हेरिफाय करायला ₹10 चं टोकन लागेल, आणि मी फॉर्ममध्ये कार्डाचा नंबर, मुदत, मागचे तीन आकडे भरून मोकळा झालो.

ओटीपी मी तोंडाने सांगितला नाही, हे इथे ठासून लिहितो. मेसेजची पट्टी मोबाइलच्या वरच्या कडेला सरकली, ती त्याने त्याच्या पडद्यावर वाचली. दोनदा. तोपर्यंत तो मला लॅपटॉपची बटणं दाबायला लावत होता. असली अ‍ॅप वापरून खाती रिकामी होतात असा इशारा रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी 2019 मध्येच दिला होता. तो मी तेव्हा वाचलाही होता. वाचून काय उपयोग झाला?

शंका आली की आधी मोबाइलचा डेटा आणि वायफाय बंद करा, मग अ‍ॅप काढा, मग दुसऱ्या फोनवरून बँकेला फोन करा. मी उलट्या क्रमाने केलं. 11:41 ला बँकेच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, क्रमांक घेतला. कार्ड बंद झाल्याचा मेसेज आला 12:04 ला. मधल्या काळात, 11:58 ला, परदेशी साइटवर ₹9,850 गेले, तिथे ओटीपी लागलाच नाही. परदेशी व्यवहार बँकेच्या अ‍ॅपमध्ये कार्ड सेटिंगला जाऊन बंद ठेवा. आज, आत्ता.

सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाइन 1930, ती लागायला खूप वेळ गेला. पोचपावतीचा नंबर मिळाला, बरं वाटलं. शाखेत गेलो तर काउंटरवरच्या बाई म्हणाल्या, “ओटीपी तुमच्याच मोबाइलवर आला ना? मग बँक काय करणार?” मॅनेजर म्हणाले पोलिसांचं पत्र आणा. पोलीस ठाण्यात म्हणाले, ऑनलाइन तक्रार केलीत ना, मग इथे कशाला आलात? दुसऱ्या दिवशी, पीआय साहेब बंदोबस्ताला गेलेत. आयटी कायद्याच्या कलम 78 प्रमाणे तपास इन्स्पेक्टर किंवा वरच्या अधिकाऱ्यानेच करायचा, हे खरं. पण तक्रार लिहून घ्यायला साहेब कशाला लागतात? तिसऱ्या दिवशी सांगितलं, हद्द आमची नाही. हद्द कुठलीही असली तरी गुन्हा नोंदवावा लागतो, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 मध्ये तसं लिहिलंय. हे छापून नेलं तेव्हा कुठे खुर्ची मिळाली. सही-शिक्क्याची प्रत मात्र मागून मागून घ्यावी लागली. लुटणाऱ्याने मला ‘सर’ म्हटलं होतं, या तीन ठिकाणी कुणी मान वर करून बघितलं नाही.

बँकेशी भांडताना एकच गोष्ट कामी आली. रिझर्व्ह बँकेच्या 6 जुलै 2017 च्या परिपत्रकात म्हटलंय की ग्राहकाचा निष्काळजीपणा असेल तर तक्रार करेपर्यंतचं नुकसान ग्राहकाचं, आणि तक्रार केल्यानंतरचं बँकेचं. म्हणून तक्रारीची मिनिटासकट वेळ जपून ठेवा, कॉल लॉगचा स्क्रीनशॉट काढा. बँकेने 30 दिवसांत उत्तर दिलं नाही, किंवा दिलेलं पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन जाता येतं, फी लागत नाही.

आता चावीचं. कुठल्याही मोबाइलवर मायक्रोसॉफ्ट अकाउंटच्या साइटवर लॉगिन करा, ‘डिव्हाइसेस’मध्ये आपला लॅपटॉप निवडा, तिथे रिकव्हरी की दिसते. दिसली नाही तर लॅपटॉप पहिल्यांदा कुणाच्या ईमेलने सुरू केला ते आठवा. आमच्याकडे भाच्याने केला होता. काही ठिकाणी दुकानातला मुलगा स्वतःचाच ईमेल टाकून देतो, तेव्हा नवा लॅपटॉप घेताना हे समोर उभं राहून बघा. ऑफिसचा असेल तर की ऑफिसच्या अकाउंटमध्ये असते. कुठेच नसेल तर ती खुद्द मायक्रोसॉफ्टही देऊ शकत नाही. मग डिस्क पुसणं एवढंच उरतं, पैसे घेऊन कुणी उघडून देत नाही. लॅपटॉप चालू आहे तोवर कमांड प्रॉम्प्ट अ‍ॅडमिन म्हणून उघडा, ‘manage-bde -protectors -get C:’ ही कमांड द्या, 48 आकडे समोर येतील. कागदावर लिहा. त्याच लॅपटॉपच्या डेस्कटॉपवर ठेवू नका, हसू नका, लोक ठेवतात.

जीमेलचंही तेच. फुकटच्या जीमेलचं अकाउंट फोनवरून उघडून देणारी हेल्पलाइनच नाही. रिकव्हरीचा फॉर्म रोजच्या मोबाइलवरून, रोजच्या वायफायवरून भरा, सायबर कॅफेतून नको. टू-स्टेप (पासवर्डनंतरची दुसरी पडताळणी) लावताना मिळणारे आठ आकड्यांचे 10 बॅकअप कोड छापून ठेवा, एक कोड एकदाच चालतो.

₹9,850 बँकेने 41 व्या दिवशी परत केले. एक ₹24,999 कुठल्याशा खात्यात गोठवलेत, ते सोडवायला अर्ज दिलाय. दुसऱ्या ₹24,999 चा आणि ₹1,499 चा पत्ता नाही. ती जाहिरात काल पाहिली, नंबर बदललाय, मजकूर तोच आहे.