धाडकन बंद पडणारा पीसी: ५५० वॅटचा एसएमपीएस बदलून नऊ महिने झाल्यावर

मशीन: कोअर आय-५ १०४००एफ, जीटीएक्स १६६० सुपर, १६ जीबी रॅम, एक एसएसडी, एक हार्डडिस्क. जुना एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा) कॅबिनेटसोबत आलेला, अंगावर '४५० वॅट' छापलेला. नवा ५५० वॅटचा, ८० प्लस ब्राँझ (वीज कमी वाया घालवण्याचा दर्जा), पाच वर्षांची वॉरंटी, किंमत चार हजारांच्या आसपास. वापर रोज सहा-सात तास.

गेम किंवा व्हिडिओ रेंडर चालू असताना पीसी बंद पडायचा, ते नवा एसएमपीएस लावल्या दिवसापासून थांबलं. नऊ महिन्यांत एकदाही नाही. तरी फक्त हे वाचून कोणी चार हजार खर्च करू नयेत, कारण 'पीसी आपोआप बंद पडतो' या एका वाक्याखाली चार वेगळे आजार असतात आणि एसएमपीएस त्यातल्या एकावरचंच औषध आहे.

बंद कसा पडतो ते आधी बघा. लोड आल्यावर टक्कन बंद झाला, बटण दाबून काहीच होत नाही, भिंतीवरचा स्विच अर्धा-एक मिनिट बंद ठेवला की मगच चालू होतो: एसएमपीएसचं प्रोटेक्शन ट्रिप होतंय. लगेच चालू होतो पण मिनिटाभरात पुन्हा मान टाकतो: प्रोसेसर तापतोय. दिवे लुकलुकले की जातो: यूपीएस. नुसता बसलेला असताना, अगदी बायोसच्या (विंडोजच्या आधीच्या सेटिंग्जच्या) स्क्रीनवरही जातो: बटण, सैल कनेक्टर किंवा कुठेतरी शॉर्ट. बायोस उघडून अर्धा तास तसाच सोडून बघा. तिथेही बंद पडला तर विंडोज निर्दोष आहे, फॉरमॅट मारण्यात वेळ घालवू नका.

इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (विंडोजची नोंदवही), विंडोज लॉग्जच्या 'सिस्टिम' भागात, कर्नल-पॉवर ४१ दिसलं की अनेकजण तोच रोग समजतात. ती नोंद पुढच्या वेळी मशीन चालू होताना लिहिली जाते आणि एवढंच सांगते की मागच्या वेळी रीतसर शटडाउन झालं नाही. कामाची माहिती तिच्या 'डिटेल्स'मध्ये आहे. बगचेक कोड शून्य असेल तर बहुतेक वेळा वीजच तुटली. शून्य नसेल तर ब्लू स्क्रीन आली होती, म्हणजे ड्रायव्हर-रॅमकडे बघायचं. त्याच यादीत 'पॉवर बटण टाइमस्टॅम्प' असतो, त्याचा उपयोग शेवटी सांगतो. आणि नोंद १०७४ असेल तर कुठल्यातरी प्रोग्रॅमने, अपडेटने किंवा घरातल्याच कोणीतरी रीतसर बंद केलंय.

आता जुन्या एसएमपीएसचं गणित. लेबलवर मोठ्या अक्षरातले वॅट वाचू नका, १२ व्होल्टच्या रकान्यातले अँपिअर वाचा. जुन्यावर १६ अँपिअर होते: १२ गुणिले १६, म्हणजे १९२ वॅट. १६६० सुपर एकटं १२५ वॅट मागतं. १०४००एफ कागदावर ६५ वॅटचा, पण बूस्टमध्ये काही सेकंद १३४ पर्यंत जाऊ शकतो. बेरीज २५९. त्यात ग्राफिक्स कार्डाला आठ पिनांची वायर नव्हती, मोलेक्सवरून (जुना चार पिनांचा कनेक्टर) जोड लावलेला. तो हाताला गरम लागायचा. नव्याच्या लेबलवर १२ व्होल्टला ४५ अँपिअर आहेत, म्हणजे ५४० वॅट, आणि आठ पिनांची वायर थेट येते.

मल्टिमीटरने मोलेक्सच्या पिवळ्या आणि काळ्या वायरमध्ये मोजायचं, गेम चालू ठेवून. एटीएक्सच्या (पीसीच्या एसएमपीएसचं मानक) नियमानुसार ११.४० ते १२.६० व्होल्ट चालतात. जुना रिकाम्या बसलेल्या पीसीला १२.१ दाखवायचा आणि लोडवर ११.२ ला यायचा. नवा १२.०५ वरून ११.९५. दुकानात हिरवी आणि काळी वायर यूपिनने जोडून पंखा फिरवून दाखवतात आणि 'एसएमपीएस ओके' म्हणतात. त्या चाचणीत लोडच नसतो. जुनाही तिथे पास झाला असता. आणि एसएमपीएस घरी उघडून कपॅसिटर बघायच्या फंदात पडू नका, प्लग काढल्यावरही आत ३०० व्होल्टच्या वर साठलेले असू शकतात.

एसएमपीएस घेण्याआधी फुकटातली तपासणी म्हणजे कूलर. इंटेलच्या डब्यातल्या कूलरच्या चार प्लॅस्टिक पिनांपैकी एक अर्धवट बसलेली असणं फार सर्रास आढळतं. हार्डवेअर मॉनिटरमध्ये (तापमान दाखवणारा प्रोग्रॅम) साध्या कामालाच ९०-९५ अंश दिसले तर तीच शंका घ्या. या प्रोसेसरची मर्यादा १०० अंश आहे. मदरबोर्डच्या मागून चारही पिनांची टोकं बाहेर आली आहेत का बघा. कूलर काढला तर प्रोसेसर आणि कूलरमधली जुनी पेस्ट पुसून वाटाण्याएवढी नवी. ब्लोअर मारताना पंखा बोटाने धरून ठेवा.

नव्या एसएमपीएसबद्दलच्या तक्रारी: वायरी ताठ आणि न सुटणाऱ्या, छोट्या कॅबिनेटमध्ये त्यांचा गुंता हवा अडवतो. २४ पिनांचा कनेक्टर 'कट्' आवाज येईपर्यंत दाबावा लागतो. अर्धवट बसला तर आधीचाच आजार परत. पंखा खाली तोंड करून बसवला असेल तर खालची जाळी दर पंधरा दिवसांनी झटकायची. एप्रिल-मेमध्ये पंख्याचा आवाज जाणवतो.

यूपीएसचा प्रश्न मात्र सुटला नाही, उलट उघडा पडला. माझा यूपीएस ६०० व्हीएचा, म्हणजे साधारण ३६० वॅट. गेम चालू असताना मशीन भिंतीतून तीनशेच्या जवळपास ओढतं, वर मॉनिटर. तीन वर्षं जुनी १२ व्होल्ट ७ एएचची बॅटरी लाईट गेल्याक्षणी बसायची. बॅटरी बदलल्यावर चार-पाच मिनिटं मिळतात, फाइल सेव्ह करायला पुरेशी. ग्राफिक्स कार्डवाल्या मशीनला नवीनच घ्यायचा तर १००० व्हीए घ्यावा. लेझर प्रिंटर त्यावर कधीच नको.

सॉकेटचं अर्थिंगही तपासा: न्यूट्रल ते अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत हवं. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर अर्थ मिळतच नाहीये. एसएमपीएस कितीही भारी असला तरी ते जाणार नाही, इलेक्ट्रिशियन बोलवा.

सहाव्या महिन्यात, भर पावसाळ्यात, हाच पीसी काही काम चालू नसताना दोनदा बंद पडला. दोष नव्या एसएमपीएसवर जाणार होता, पण ४१ च्या नोंदीत पॉवर बटण टाइमस्टॅम्प शून्य नव्हता. म्हणजे मशीनच्या समजुतीप्रमाणे कोणीतरी बटण दाबून धरलं होतं. चार सेकंद धरलं की वीज तुटते. पुढच्या पॅनेलचं स्वस्त बटण आत चिकटत होतं. मदरबोर्डवरून पॉवर स्विचची वायर काढून त्याच दोन पिनांवर रिसेट बटणाची वायर लावली. खर्च शून्य. तेव्हापासून पीसी रिसेटच्या बटणाने चालू होतो.