शटरची दिरंगाई: जुना कॅमेरा सुधारावा की दुसरा घ्यावा?

इंदूरमध्ये कॅमेऱ्याची चपळाई कसाला लागते ती दोन प्रसंगी: रंगपंचमीला राजवाड्यासमोरून गेर, म्हणजे रंग उधळत जाणारी मिरवणूक, जाते तेव्हा, आणि अनंत चतुर्दशीच्या रात्री गिरण्यांच्या झांक्या, म्हणजे रोषणाईचे चित्ररथ, निघतात तेव्हा. गेरमध्ये उजेड भरपूर असतो, पण गुलालाचा लोट उसळून विरायला वेळ लागत नाही. झांक्या संथपणे पुढे सरकतात, पण काळोख आणि लखलखते दिवे यांच्या सरमिसळीत कॅमेऱ्याला फोकस सापडत नाही. बटन दाबल्यावर अर्ध्या-पाऊण सेकंदाने फोटो टिपणारा जुना कॉम्पॅक्ट कॅमेरा हाती असलेल्याने तोच सुधारून वापरावा, सेकंडहँड डीएसएलआर (आत आरसा असलेला, लेन्स बदलता येणारा कॅमेरा) घ्यावा, मिररलेसवर (तसाच, पण आरसा नसलेला) खर्च करावा की मोबाइलवरच भागवावे, हे ठरवण्यापूर्वी दिरंगाई नेमकी कोठे होते ते पाहणे आवश्यक आहे.

बटन पूर्ण दाबल्यापासून सेन्सरवर प्रकाश नोंदला जाईपर्यंत कॅमेरा फोकस जुळवतो, प्रकाश मोजतो, फ्लॅश चालू असल्यास मुख्य झोताआधी मोजणीसाठी एक छोटा झोत सोडतो आणि डीएसएलआर असेल तर आरसा वर उचलतो. यांत बहुधा सर्वाधिक वेळ फोकस खातो. जुन्या कॉम्पॅक्टमधील कॉन्ट्रास्ट पद्धतीत लेन्स पुढे-मागे सरकवून चित्र कोठे सर्वांत रेखीव दिसते ते शोधले जाते, आणि ती जागा ओलांडून गेल्याशिवाय ती मागे पडली हे कॅमेऱ्याला कळतच नाही. डीएसएलआरच्या फेज पद्धतीत मात्र लेन्स कोणत्या दिशेला व किती सरकवायची हे एकाच मोजणीत समजते.

हे मोजमाप घरीही करता येते. संगणकाच्या पडद्यावर शतांश सेकंद दाखवणारे स्टॉपवॉच लावावे, सेकंदांचा ठेका मनात धरून पूर्ण सेकंदावर बटन दाबावे आणि फोटोत कोणता आकडा उमटला ते पाहावे. आकडा दिसल्यावर बटन दाबू नये, कारण मग आपली स्वतःची सुमारे पाव सेकंदाची प्रतिक्रियाही कॅमेऱ्याच्या खात्यात जमा होते. एकदा बटन थेट दाबून, एकदा आधी अर्धे दाबून फोकस धरून ठेवून, आणि एकदा फ्लॅश लावून अशी नोंद घेतली, की फोकसचा वाटा किती आणि फ्लॅशचा किती हे वेगळे करता येते.

अर्धे दाबून घेतल्यावर दिरंगाई जवळजवळ नाहीशी होत असेल, तर नवा कॅमेरा घेण्याची घाई करू नये. गेरमध्ये रंगाचा फवारा साधारण कोठे उसळणार हे आधीच दिसत असते. तेवढ्याच अंतरावरील खांबावर किंवा गाडीवर फोकस धरून, बटन अर्धे दाबलेले ठेवून क्षणाची वाट पाहिली, तर जुना कॉम्पॅक्टही चांगले काम देतो. झूम कमीत कमी ठेवल्यास अंतराच्या अंदाजातील थोडीफार चूक खपून जाते. फ्लॅशमुळे वेळ वाढत असेल तर रेड-आयची (फोटोत डोळे लाल दिसू नयेत म्हणून दिलेली) सोय प्रथम बंद करावी, कारण बुबुळातील बाहुली आकुंचन पावावी म्हणून कॅमेरा आधी दिवा लावून सुमारे सेकंदभर थांबतो. पेन्सिल सेलवर चालणाऱ्या कॅमेऱ्यात सेल उतरले की फ्लॅश पुन्हा भरण्यास वेळ लागतो. तेथे चांगले रिचार्जेबल सेल हाच उपाय. दुकानात मात्र बहुतेक वेळा वेगवान मेमरी कार्ड सुचवले जाते. ते घेतल्याने दोन फोटोंमधील खोळंबा कमी होऊ शकतो, पहिल्या फोटोची दिरंगाई तसूभरही कमी होत नाही. रात्री दीर्घ एक्स्पोजरनंतर कॅमेरा तेवढाच वेळ अडून बसत असेल, तर तो नॉइज (चित्रातील नको असलेले ठिपके) कमी करण्यासाठी दुसरी, काळी फ्रेम घेत असतो. ही सोय मेनूतून बंद करता येत असल्यास करावी.

एवढे करूनही कॉम्पॅक्टची एक मर्यादा उरते: हालणाऱ्या वस्तूचे अंतर सतत बदलते, त्यामुळे आधी धरलेला फोकस निरुपयोगी ठरतो. झांक्यांपुढे नाचत येणाऱ्या पथकांचे फोटो हवे असतील तर सेकंडहँड डीएसएलआर हा माझ्या मते सर्वांत किफायतशीर पर्याय आहे. त्याच्या ऑप्टिकल व्ह्यूफाइंडरमध्ये दृश्य थेट आरशावरून डोळ्यापर्यंत येते, त्यामुळे पाहण्यात दिरंगाई नसते, आणि फोकस धरलेला असताना साध्या मॉडेलांतही शटर साधारण दशांश सेकंदाच्या आसपास किंवा त्याहून लवकर उघडते. मात्र राजवाड्याच्या गर्दीत कॅमेरा डोक्यावर उंच धरून पडद्याकडे पाहत फोटो काढावे लागतात, आणि तेथे सर्व डीएसएलआर सारखे नाहीत. २०१८ चा निकॉन डी३५०० व्ह्यूफाइंडरमधून चपळ असला, तरी पडद्यावरून वापरताना तो कॉन्ट्रास्ट पद्धतीकडे वळतो आणि मंदावतो. शिवाय त्याचा पडदा वळत नाही. २०१७ च्या कॅनन २००डीमध्ये ड्युअल पिक्सेल फोकस (पडद्यावरून वापरतानाही सेन्सरवरच फेज पद्धतीने जुळणारा फोकस) आहे, जे कॅननने २०१३ मध्ये ७०डीपासून आणले, आणि त्याचा पडदाही हवा तसा वळवता येतो. गर्दीसाठी मी २००डी निवडेन. चबुतऱ्यावर किंवा गॅलरीत निवांत जागा मिळणार असेल तर डी३५०० मध्ये काही कमी नाही. एक गोष्ट दोन्हींना लागू आहे: फोकस जुळल्याशिवाय शटर न सोडण्याची व्यवस्था चालू असताना काळोखात बटन दाबूनही काहीच घडत नाही आणि कॅमेरा बिघडल्याचा भास होतो. मधला फोकस बिंदू निवडून तो देखाव्याच्या उजळ कडेवर ठेवला की ही अडचण बहुधा सुटते.

मिररलेसमध्ये आरसा नाही आणि फेज मोजणी थेट सेन्सरवरच होते; २०१४ च्या सोनी ए६००० मध्येही असे १७९ बिंदू होते, त्यामुळे जुने मिररलेस मॉडेलही विचारात घ्यावे. याहून पुढची सोय ऑलिंपसच्या २०१६ च्या ई-एम१ मार्क २ मध्ये आली: बटन अर्धे दाबल्यापासून कॅमेरा फ्रेम साठवत राहतो आणि पूर्ण दाबल्यावर त्याआधीच्या १४ फ्रेमही हाती देतो. म्हणजे कॅमेऱ्याबरोबर माणसाचा उशीरही भरून निघतो, आणि गुलालासाठी याला तोड नाही. मात्र ही सोय इलेक्ट्रॉनिक शटरवर चालते, म्हणजे यांत्रिक झडप न हलता सेन्सर ओळीओळीने वाचला जातो. आपल्याकडील वीज ५० हर्ट्झची असल्याने अनेक दिवे सेकंदाला १०० वेळा मिणमिणतात आणि झांक्यांच्या रोषणाईत फोटोवर आडवे पट्टे उमटू शकतात. अशा वेळी मेकॅनिकल शटर आणि १/५० किंवा १/१०० सेकंदाचा वेग ठेवणे बरे. लेन्ससकट किंमत डीएसएलआरहून चढी पडते, हे वेगळे सांगायला नको.

मोबाइलचे थोडक्यात सांगता येईल. कॅमेरा अॅप उघडे असताना बरेच मोबाइल फ्रेम सतत साठवत असतात आणि स्पर्श होताच त्यांतील योग्य ती निवडतात, म्हणून दिवसा ते जुन्या कॉम्पॅक्टला सहज मागे टाकतात. रात्री मात्र अनेक फ्रेम जोडून एक चित्र तयार करताना वेळ जातो, आणि हलत्या आकृत्या पुसट होतात.

तेव्हा फक्त गेरसाठी कॉम्पॅक्ट सुधारून घ्यावा किंवा मोबाइल वापरावा, झांक्यांसाठी डीएसएलआर, दोन्ही हवे असून बजेट सैल असेल तरच मिररलेस. सेकंडहँड घेताना शटर किती वेळा उडाले आहे ते विचारावे. डी३५०० च्या वर्गातील शटर साधारण १ लाख वेळा चालेल असे धरले जाते. वरील स्टॉपवॉचची चाचणी दुकानातच, शक्यतो अंधाऱ्या कोपऱ्यात, व्ह्यूफाइंडरमधून आणि पडद्यावरून अशी दोन्ही प्रकारे घ्यावी, आणि ज्या लेन्ससह कॅमेरा घेणार आहोत तीच लेन्स लावून घ्यावी, कारण फोकसचा वेग लेन्सच्या मोटरवरही तितकाच अवलंबून असतो.