साडीवर नीट बसणारा काळा कोट हवा असेल तर इथे या

नाशिकच्या कोर्टात वकिली करताना मी वर्षानुवर्षं जो कोट घातला तो मुळात पुरुषांचाच, फक्त कमरेत आवळलेला. बाजारात ‘लेडीज’ म्हणून तोच विकतात. पदराच्या निऱ्यांना पिन लावली की डावा खांदा उचलला जातो, वरची फाईल काढायला हात उंचावला की कॉलर गळ्याशी येते. सीबीएस म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकाजवळच्या या लहानशा शिंप्याच्या दुकानात माप घेण्याआधी विचारलं गेलं, “ताई, साडीवर घालणार की सलवार-कुर्त्यावर?”

भाचीला यंदा वकिलीची सनद मिळाली, तिलाही इथेच आणलं. ट्रायलच्या वेळी दुकानाच्या बाईंनी तिला एक जाडजूड वही वरच्या फळीवर ठेवायला लावली, मग खाली वाकायला लावलं. कोट मुंढ्यात ओढला जातोय हे दिसताच खडूने खूण केली आणि तिथल्या तिथे शिलाई उसवली. डाव्या खांद्याला पदरापुरती ढिलाई, सुती अस्तर, मोबाईल मावेल असा आतला खिसा. हे सगळं न सांगता.

भिंतीवर कॉर्नेलिया सोराबजींचा फोटो आहे. “या कोण?” भाचीने विचारलं. “आपल्या नाशिकच्याच,” बाई म्हणाल्या. पुढचं मी सांगितलं. जन्म १८६६चा, शिक्षण पुण्याच्या डेक्कन कॉलेजात. १८९२मध्ये ऑक्सफर्डला कायद्याची परीक्षा दिली. बाई म्हणून पदवी अडली ती थेट १९२२पर्यंत. तीस वर्षं! तोवर हात बांधून बसल्या नाहीत. बंगालकडच्या पडदानशीन जमीनदारणींच्या इस्टेटींची भांडणं त्यांच्या घरी जाऊन सोडवत राहिल्या. बायकांना तेव्हा वकिलीची परवानगीच नव्हती. ती मागणारा रेजिना गुहांचा अर्ज १९१६मध्ये कलकत्ता हायकोर्टाने फेटाळला, सुधांशुबाला हाजरांचा १९२१मध्ये पाटणा हायकोर्टाने. १९२३च्या कायद्याने ही आडकाठी गेली आणि मिठन टाटा मुंबई हायकोर्टातल्या पहिल्या महिला वकील झाल्या. भाचीने हे लॉ कॉलेजात ऐकलंच नव्हतं, याचं मला फार वाईट वाटलं.

बार कौन्सिलच्या नियमांत साडी बसते, सलवार-कुर्ता बसतो. तरी कोट बेतणाऱ्याच्या डोळ्यासमोर अजून पुरुषच असतो, आणि शंभर वर्षांनंतरही हे चालावं याचा मला मनापासून राग येतो. म्हणून या दुकानाचं इतकं कौतुक.

कापडासकट कोटाचे २,८०० रुपये घेतले. रेडिमेडपेक्षा महाग, पण शिलाई पक्की आहे. गळ्यातले पांढरे बँड मात्र इथले घेऊ नका, दोन धुण्यांत लुळे पडतात. जून-जुलैत नव्या वकिलांची गर्दी असते, तेव्हा सांगितलेल्या तारखेला कोट मिळत नाही. आमचा आठवडाभर लांबला. उन्हाळी सुट्टीतच माप देऊन ठेवा, आणि ट्रायलला नेहमीची साडी नेसूनच जा.