पुढच्या दाताचा इम्प्लांट क्राउन: कोणता प्रकार खऱ्या दातासारखा दिसतो?

पुढचे चार दात एकदम करायचे असले तर ते निदान एकमेकांशी जुळवता येतात. इम्प्लांटवर (हाडात बसवलेल्या टायटॅनियमच्या खुंटावर) चढवलेला एकटा क्राउन, म्हणजे दाताच्या आकाराची टोपी, मात्र शेजारच्या खऱ्या दाताला खेटून बसतो आणि बारीकसा फरकही डोळ्यांत खुपतो. म्हणून इथे फक्त त्या एकट्या पुढच्या दाताचा विचार केला आहे. दाढेला हे निकष इतके कडक लावायची गरज नाही.

एकाच ठोकळ्यातून मिल केलेला (यंत्राने कोरलेला) जुना, ३वाय झिर्कोनिया (पांढरी, मजबूत सिरॅमिक; ‘वाय’ म्हणजे त्यात मिसळलेल्या यट्रियाचं प्रमाण) ताकदीला अव्वल, १००० मेगापास्कलच्या (ताकदीचं एकक) आसपास. पण पुढच्या दाताला तो पांढराफटक, निर्जीव दिसतो, कारण प्रकाश आत फारसा शिरतच नाही. ५वाय झिर्कोनिया बराच पारभासी असतो, मात्र ताकद जवळपास निम्म्यावर येते. रात्री दात खाण्याची सवय असेल तर तो टाळावा. धातूवर पोर्सिलेन चढवलेला क्राउन पुढच्या दाताला नकोच. हिरडी जराशी सरकली की मानेपाशी काळपट रेघ उघडी पडते.

लिथियम डायसिलिकेट ही काचेसारखी सिरॅमिक दिसायला सुरेख, यात वाद नाही. पण इम्प्लांटवर एक गोम आहे. खऱ्या दातावर क्राउन बसतो तेव्हा खाली दाताचाच रंग असतो. इथे खाली करडं टायटॅनियम. क्राउन जितका पारभासी, तितका तो करडेपणा वर उमटतो. ‘सगळ्यात पारभासी द्या’ अशी मागणी इथे अंगाशी येते. लॅबला कमी पारभासीचं मटेरियल सांगावं किंवा खाली दातरंगी झिर्कोनिया अ‍ॅबटमेंट (इम्प्लांट आणि क्राउन जोडणारा मधला भाग) घ्यावं. हिरडी २ मिलिमीटरपेक्षा पातळ असेल तर धातूची छाया हिरडीतूनही दिसते, मग झिर्कोनिया अ‍ॅबटमेंट किंवा सोनेरी-गुलाबी अ‍ॅनोडाइझ केलेला (विजेच्या प्रक्रियेने रंग दिलेला) टायटॅनियम बेस (क्राउनखालचा धातूचा भाग) हवाच.

आमची पसंती झिर्कोनियाच्या गाभ्यावर फक्त समोरच्या बाजूला पोर्सिलेनचा पातळ थर दिलेल्या क्राउनला. चावण्याची कड आणि मागची बाजू झिर्कोनियाचीच ठेवायची. इम्प्लांटभोवती खऱ्या दातासारखा अस्थिबंध (दात हाडाला बांधणारे तंतू) नसतो, त्यामुळे चावताना जोर किती पडतोय हे नीट जाणवत नाही आणि कडेवरच्या पोर्सिलेनचा टवका उडतो.

एवढं करूनही क्राउन खोटा वाटतो तो बहुतेकदा हिरडीपाशी, आणि याच कामाला सगळ्यात कमी वेळ दिला जातो. इम्प्लांट गोल, साधारण ४ मिलिमीटरचा. वरच्या मधल्या दाताची मान ६-७ मिलिमीटर रुंद आणि त्रिकोणी. गोलातून त्रिकोणाकडे जाणारा हा आकार हिरडीला आधी शिकवावा लागतो. त्यासाठी स्क्रूचा टेम्पररी क्राउन लावतात, त्याच्या मानेला थोडं थोडं कॉम्पोझिट (दातरंगी भरण) चढवत जातात आणि दोन-तीन महिने हिरडी स्थिरावू देतात. मग माप घेताना टेम्पररीच्या मानेची हुबेहूब नक्कल केलेलं इम्प्रेशन कोपिंग (माप घेण्यासाठी इम्प्लांटवर लावायचा भाग) वापरायचं. साध्या गोल कोपिंगने माप घेतलं तर टेम्पररी काढल्या काढल्या हिरडी आत कोसळू लागते आणि लॅबला आकाराचा अंदाज बांधावा लागतो. क्राउन बसवताना हिरडी दाबली जाऊन पांढरी पडते. १०-१५ मिनिटांत ती पुन्हा गुलाबी झाली नाही, तर त्या जागी क्राउन घासून कमी करायला हवा.

दोन दातांमधला काळा त्रिकोण (हिरडीलगतची मोकळी फट) मटेरियल बदलून जात नाही. शेजारच्या दाताच्या हाडाच्या कडेपासून दात एकमेकांना टेकतात ते ठिकाण ५ मिलिमीटरपेक्षा जास्त दूर असेल तर हिरडीचं टोक ती फट भरेल याची खात्री नसते. संपर्काची रेषा हिरडीकडे वाढवून फट झाकता येते, पण अति केलं तर दात चौकोनी दिसतो.

शेड (दाताची रंगछटा) बघायची ती भेटीच्या सुरुवातीलाच. तोंड उघडं राहून दात सुकले की ते पांढरे दिसू लागतात आणि क्राउन उजळ बनून येतो. व्हिटा क्लासिकल या रंगपट्टीच्या १६ शेडपैकी नुसतं ‘ए२’ लिहून भागत नाही: मान, मधला भाग आणि कड यांची वेगवेगळी नोंद हवी, शिवाय शेडची पट्टी दाताच्याच पातळीत धरून काढलेला फोटो. ब्लीचिंग करायचं असेल तर ते आधी, आणि शेड त्यानंतर निदान दोन आठवड्यांनी. ट्रायल (क्राउन तोंडात लावून पाहणं) खिडकीजवळ, दिवसाच्या उजेडातही बघावी; दिव्याखाली जुळलेला रंग बाहेर वेगळा दिसू शकतो. शेजारच्या दातावर बारीक आडव्या रेषा असतील तर क्राउनवरही हव्यात. गुळगुळीत चकाकी लगेच उघडी पडते.

जोडणीत सिमेंटने चिकटवलेल्यापेक्षा स्क्रूचा क्राउन केव्हाही बरा. भोक मागच्या बाजूला येईल असं नियोजन इम्प्लांट बसवतानाच व्हायला हवं; थोडं चुकलं तर तिरक्या वाटेचा स्क्रू साधारण २५ अंशांपर्यंत सांभाळून घेतो. सिमेंटचा अंश हिरडीखाली राहिला तर सूज येते, हाड झिजतं, हिरडी मागे सरते. स्क्रूचा दुसरा फायदा पुढे कळतो: खरे दात वयानुसार किंचित सरकत राहतात, इम्प्लांट जागचा हलत नाही, आणि काही वर्षांनी क्राउन आखूड दिसू शकतो. अशा वेळी स्क्रू सोडवून क्राउन उतरवता येतो आणि त्याच इम्प्लांटवर नवा बसवता येतो.